दोनदा लिहिलेले शब्द

मुरुमजवळच्या एका खेड्यात मी मराठीचा मास्तर होतो. राज्य निजामाचं, अन् घरातली जवारी लेवी म्हणून उचलून न्यायचे दिवस. एका सकाळी चावडीच्या दाराला चिकटवलेलं एक चिठोरं सापडलं. पोलिसांच्या अमीनसाहेबानं मला बोलावून ते पुढं टाकलं. "मास्टरसाब, ये कौन लिख्या? तुम शायरी पढाते, तुमीच बोलो."

लेवीला गेली जवारी, गेली जवारी
रिती कणगी घरोघरी, कणगी घरोघरी
अमीनाची फुगली ढेरी, फुगली ढेरी
चूल उपाशी

मी चरण मोजत वाचलं. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ही तर जात्यावरची ओवी, म्हणजे बाईची! त्यात पहिल्या तिन्ही चरणांचं शेपूट दोनदा. दळताना समोरची बाई री ओढते, शेवटचे शब्द पुन्हा म्हणते. पण ते कागदावर कोण लिहितं? जिला री ओढल्याबिगर ओवी पुरी झाली असं वाटतच नाही, तीच. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. पण गावात लिहिता येणारी बाई एकच, अन् तिला पाटीवर मीच शिकवलं होतं. माझी बायको.

अमीन माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होता. ह्याला कळलं की काय? मी घसा खाकरला आणि अशी पंडिती झोडली की विचारू नका. "साहेब, हे साधं काम न्हाय. मात्रा कशा तोलून टाकल्यात बघा! पुनरुक्ती तर लई ठसक्याची. हे बाप्याचं काम, अन् तेबी चांगल्या शिकलेल्या बाप्याचं."

"पक्का?"

"एकदम पक्कं."

घरी आलो तर ही तूर निवडत बसलेली. "चावडीवर कशाला बोलावलं होतं?" मान वर न करता तिनं विचारलं. त्या न बघण्याचाच मला राग आला.

"ओवी कागदावर उतरवताना री लिहीत न्हाईत, येवढंबी कळत न्हाय व्हय गं तुला?"

तिचा हात सुपात थांबला. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

मी फुशारकीनं सगळं सांगितलं. बाप्या, शिकलेला, मात्रा तोलणारा. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"अवो, असा बाप्या ह्या गावात तुमच्याबिगर कोण हाय?"