चिलापीची ओढ आणि मांगुराची

माझं माहेर दौंडजवळ, भीमेच्या काठावर. सासर निमोण्याला. मी आणि नवरा दोघंही रांजणगावला कामाला आहोत. तो एका कंपनीत मशिनवर, मी दुसरीत क्वालिटीला. मासे धरायला मला आप्पांनी, म्हणजे वडलांनी शिकवलं. लहानपणी मी घरात थांबतच नव्हते, तेव्हा त्यांनी एक काठी, दोरा आणि गळ हातात दिला आणि कणकेच्या गोळ्या वळायला शिकवल्या. लग्न झाल्यावरही माहेरी गेले की आधी नदीवर जायचे, मग घरात.

नवऱ्याचा सुपरवायझर पुण्याचा. त्याला मध्यंतरी गळाचा नाद लागला. ऑनलाइन रॉड मागवला, खिसेच खिसे असलेलं जाकीट मागवलं. एकदा तो आमच्याकडं चहाला आला होता, आणि विषय निघाला की आकाराच्या मानानं सगळ्यात जास्त जोर कुठल्या माशाला. तो म्हणाला मरळ. नवरा म्हणाला कटला. मी ओट्यापासूनच म्हणाले, "चिलापी."

दोघंही हसले. चिलापी म्हणजे कुठल्याही डबक्यात होणारा, तळहाताएवढा मासा. त्याचं कुणाला काय कौतुक.

"मरळ एकदा उसळते आणि गवतात जाऊन बसते," मी म्हणाले. "कटल्याची ओढ त्याच्या वजनाची. चिलापी गळाला लागली की अंग आडवं टाकते. ताटली पाण्यात आडवी धरून ओढून बघा, मग कळंल."

"वहिनी, मोजूनच बघू," तो म्हणाला. त्याच्याकडं प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा काटा होता. तो दोऱ्याला अडकवायचा आणि मासा ओढेल तेव्हा आकडा बघायचा, असं ठरलं. जागा मीच सुचवली, माझ्या माहेरची. मलाही जिंकायची हौस होती.

उन्हाळ्याचे दिवस होते. नदी गाडीतूनच नाकात शिरली. पाणी काळं, वर साबणासारखा फेस, काठाला जलपर्णी कुजून तिचा चिखल झालेला. लहानपणी याच पाण्यात आम्ही पोहलो, हे सुपरवायझरला सांगायची मला लाज वाटली. आप्पा आधीच बाभळीखाली येऊन बसले होते. पाहुण्याला त्यांनी रामराम घातला आणि म्हणाले, "पाण्यात पाय घालू नगा. खाज सुटती."

पहिली चिलापी मलाच लागली. तिनं असा हिसका दिला की काठी कमरेतून वाकली. नवऱ्यानं आकडा वाचला आणि भुवया उडवल्या. सुपरवायझरला मरळ काही मिळेना. तो काटा घेऊन जागा शोधत खाली ओढ्याच्या तोंडाशी गेला. तिथं कोंबडीवाले पिसं आणि आतडी गोण्यांत भरून टाकतात. गोण्या फुटलेल्या, त्यांच्यावर माश्यांचा थर. तिथं त्यानं गळ टाकला आणि लगेच ओरडला, "आला."

आम्ही धावत गेलो. मांगूर होता. हातभर लांब, काळा, मिशांचा. त्यानं गळासकट स्वतःभोवती पिळे मारले, तळाशी गेला, परत वर आला. काट्यावरचा आकडा माझ्या चिलापीच्या कितीतरी वर गेला. काठावर ओढून घेतला तरी तो मरेना. छातीच्या काट्यांवर रेटा देत चिखलातून सरपटत पाण्याकडं निघाला. त्याच्या तोंडातून एक ओलं पांढरं पीस बाहेर आलं होतं.

"हरलात वहिनी," सुपरवायझर म्हणाला. मग नवऱ्याच्या हातातल्या मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "व्हिडिओ नीट आला नाही. परत सोडतो, त्या बाजूनं घे."

गळ तोंडात तसाच. त्यानं मासा पाण्यात टाकला, दोरा ढिला सोडला आणि पुन्हा ओढला. मासा पुन्हा तेवढ्याच जोरानं झगडला. मग उजेड पाठीमागून येत होता म्हणून आणखी एकदा. या वेळी जबडा एका बाजूनं फाटला आणि पोटातलं सगळं बाहेर आलं: आतड्याचे तुकडे, पिसं, कोंबडीचा एक पिवळा पंजा. मासा तरीही ओढत होता. नवरा मोबाईल धरून हसत होता. माझ्या नवऱ्याचे दात मला इतके घाण कधी दिसले नव्हते.

"अजून एकदा," सुपरवायझर म्हणाला.

मी जाऊन दोरा हातात धरला, मासा कोरड्यावर ओढला आणि दगडानं त्याचं डोकं ठेचलं. एका घावात भागलं नाही.

मग सुपरवायझर म्हणाला, "खायचा होता का तुम्हाला? सांगायचं ना."

आप्पा उठले. "ह्या नदीचा मासा आमच्या घरात शिजत न्हाई आता," ते म्हणाले. "कापला की रॉकेलचा वास येतो. चला, आईनं अंड्याची आमटी केलीय."

घरी आल्यावर मी बोअरच्या पाण्यानं हात धुतले, मग धुण्याच्या पावडरनं धुतले. वास जाईना. आप्पा नळी धरून उभे होते. मला एकदम लक्षात आलं, ते तर अजून रोज गळ घेऊन नदीवर जातात.

"खात न्हाई, तर मग धरता कशाला, आप्पा?"

"सवय. हाताला जरा ओढ लागती. मग सोडून देतो."

"तोंड फाटतं त्यांचं."

"व्हय, फाटतं की," ते म्हणाले आणि नळ बंद केला.

मला त्यांची शिसारी आली. मांगुराच्या पोटातलं बघून आली होती त्याहून जास्त. त्यांच्या शेजारी बसून मी कसंबसं अर्धं जेवले.

सोमवारी तो व्हिडिओ नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुपवर आला. मागं गाणं लावलेलं, दगडाचा भाग कापलेला. नवऱ्यानं तो मला दाखवायला आणला तेव्हा मी त्याला दोन्ही माशांचं वजन विचारलं. मांगूर तर चिलापीच्या दहापट जड होता. ओढ वजनानं भागायची, तरच आकाराच्या मानानं म्हणता येतं. भागलं तर चिलापी केव्हाच पुढं गेली होती. नवऱ्यानं बोटांवर हिशेब केला.

"मग सांगू का त्याला?"

"नको," मी म्हणाले. "परत मोजायला येईल."

परवा आप्पांचा फोन आला. "चिलाप्या चांगल्या लागत्यात बग. तुझी काठी पुसून ठिवलीय. ये की." मी म्हणाले, कंपनीला सुट्टी नाही. ते बरं म्हणाले. त्या दिवशी रविवार होता.