गंगू आणि परदेशी बाईचे गाऱ्हाणे

गंगूला गप्प बाई असे कुणी कधीच म्हटले नसते. मासळीची पाटी घेऊन ती वाडीत शिरली की आधी तिची हाक यायची, मग बांगड्यांचा वास, आणि मग ती. पण चौऱ्याऐंशी साली दिवाळीच्या सुट्टीत तिने पाटी घरी ठेवली आणि शाळेमागच्या खोपीत चूल मांडली, तेव्हा वाडी तिच्याकडे वाकड्या नजरेने बघू लागली.

शाळेत मिशनच्या लोकांनी डोळ्यांचे शिबिर भरवले होते. डॉक्टर आपल्याकडचेच, पण नर्सबाई आणि बाकीची मंडळी लांबच्या नॉर्वे देशातून आली होती. त्यांना रांधून घालायला बाई हवी होती. गंगू आपण होऊन पुढे झाली. शेजारच्या लक्ष्मीने पाणवठ्यावर विचारलेच, "काय गो गंगू, फुडल्या आयतवाराक गळ्यात किरिस्तावांचो खुरीस घालतलंस मां?"

"घालतलंय. आदी तुझ्या सुनेक पेज रांधूक शिकव, मगे माका धरम शिकव."

गंगूला धर्माशी काही देणेघेणे नव्हते. तिच्या नवऱ्याच्या, काशीरामच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चार वर्षे झाली, तो होडीवर गेला नव्हता. डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी तपासले आणि सांगितले, आता थांबलात तर डोळा दुखू लागेल आणि मग कुणाला काही करता येणार नाही. शिबिर सुट्टीपुरतेच होते. नंतर ते लोक आपल्या वाटेने जाणार होते.

पण काशीराम हटून बसला. "डोळे देतले आणि देव मागतले. माका नको तो सौदो."

"एवढे दिस तेंका जेवाण घालतंय. माझो देव खंयचो, ह्या अजून कोणी इचारूक नाय."

"गळाक आमिष लावतना माशाक कोण सांगता काय?"

गंगू रोज सकाळी त्याचा हात धरून त्याला खोपीत आणी, चुलीजवळ बसवी आणि कामाला लागे. कधीतरी कुणाचे तरी शब्द त्याच्या कानावर पडतील आणि त्याचे मन वळेल, एवढीच तिची आशा.

त्या लोकांचे दिवस तिने जवळून पाहिले. पहिल्या दिवशी तिच्या माशांच्या झणझणीत तिखल्याने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. मग ती त्यांच्यासाठी नुसत्या नारळाच्या रसातली कढी वेगळी करू लागली. ते जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करीत आणि गंगू डाव हातात धरून ताटकळे. "गो, भात निवता. देवाक सांग लवकर," असे ती नर्सबाईला म्हणे. नर्सबाईचे नाव इंगरिड. गंगूने तिचे इंग्रीबाय केले.

एका दुपारी इंग्रीबाय खोपीत आली आणि टोपलीतला बांगडा उचलून तिने बोटाने त्याचे कल्ले काढले, पोट साफ केले, दुसरा उचलला. गंगूचा हातच थांबला.

"गे बाय माझ्ये! ह्या खंय शिकलंस तू?"

शाळेच्या विमलाबाई दोघींमध्ये दुभाष्याचे काम करीत. त्यांनी सांगितले, हिचा बाप समुद्रावर जातो. वारा वाढला की हिची आई धक्क्यावर जाऊन उभी राहते.

"म्हणजे आमच्याच जातीचा चेडू ह्या!" गंगू म्हणाली. चुलीजवळ बसलेल्या काशीरामने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

शिबिर संपत आले. त्या सकाळी शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी ती मंडळी नेहमीसारखी उंडीच्या झाडाखाली उभी राहिली. इंग्रीबाय आपल्या भाषेत मोठ्याने प्रार्थना करू लागली. एक वाक्य म्हणे, थांबे. पुढचे म्हणे, थांबे. बाकीचे माना खाली घालून गप्प. ओसरीवर डोळ्यांचे रोगी बसले होते, तेही गप्प.

काशीराम अस्वस्थ झाला. आपल्या वाडीचे गाऱ्हाणे तोच घालायचा. होडी पाण्यात लोटताना, जत्रेच्या दिवशी, कुणाचे लग्न ठरताना तो देवापुढे उभा राहून एकेक मागणे मांडी, आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणे. ज्या गाऱ्हाण्याला मागून कुणी होकार देत नाही, ते देवापर्यंत पोचत नाही, अशी त्याची खात्री.

"गो, ता चेडू गाऱ्हाणा घालता," तो गंगूला म्हणाला. "आणि एकय मेलो व्हय म्हणना नाय!"

"तेंच्यात म्हणत नसतीत."

"म्हणान काय तेका एकट्याक सोडूचा?"

इंग्रीबाय पुन्हा थांबली, आणि खोपीतून काशीरामची खणखणीत हाक गेली, "व्हय म्हाराजा!"

तिने दचकून डोळे उघडले. मग पुढचे वाक्य म्हटले. या खेपेला ओसरीवरचे सगळे रोगी जन्माच्या सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा!" इंग्रीबायच्या आवाजात हसू आले की रडू, ते गंगूला कळले नाही. पण ती आता सावकाश, मुद्दाम थांबत थांबत बोलू लागली.

प्रार्थना संपल्यावर ती विमलाबाईंना घेऊन खोपीत आली. काशीरामने विचारले, "मागलंस काय गो तू?"

विमलाबाईंनी सांगितले, "डॉक्टरांचा हात स्थिर राहू दे. इथून कुणी आंधळा परत जाऊ नये. आणि घरी बाबा समुद्रावर आहेत, त्यांना सांभाळ."

काशीरामने चाचपडत जमिनीवरची एक काडी उचलली. मग म्हणाला, "ह्येका माझो देव नाय कित्याक म्हणात?" आणि काडी चुलीत टाकून, "पण आपरेशनाच्या मेजार निजल्यार गाऱ्हाणा मी घालतलंय. माझ्या रवळनाथाक. आणि व्हय तेना म्हणूक होया."

तसेच झाले. तोंडावर फडके बांधलेली इंग्रीबाय त्याच्या उशाशी उभी राहिली आणि तो थांबेल तेथे मोडक्या उच्चारात होकार देत राहिली. गंगू दाराबाहेर उभी होती. तिने आतला प्रत्येक होकार ऐकला.

पट्टी सुटली त्या दिवशी त्याच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा ठेवला. गंगू समोर बसली होती, पदराचे टोक मुठीत धरून. तो तिच्याकडे बघत राहिला, इतका वेळ की तीच लाजली. मग त्याने मान वळवली.

"ह्या कोण?"

"इंग्रीबाय."

"ह्या? आवाजावरना माका मोठी बाय वाटलली. ह्या तर पोर!" तो पुढे झुकला. "गो, तेचा नाक बघ. उनान सोलपटलाहा. एवढे दिस तुका दिसूक नाय? डोळे तुझे गेलले काय माझे?"

चार वर्षांनी तो बघून रागावत होता. गंगूने पदर तोंडाला लावला आणि ती खोपीकडे गेली. परत आली ती खोबरेलाची वाटी घेऊन. तिने इंग्रीबायला समोर बसवले आणि बोटाने तिच्या नाकाला, गालांना तेल लावू लागली.

"हय रवला," काशीराम चष्मा सावरत, राहिलेली जागा बोटाने दाखवत म्हणाला. "कानाकडे. हय, हय गो."