अप्पांचा टेम्पो आणि आईच्या वाकळी

अप्पांनी टेम्पो दान करायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी भडकले ती मी. दानाला माझी ना नव्हती. अप्पांचे गुडघे गेले होते, क्लच दाबला की कळ मस्तकात जायची. दारात उभं राहून गंजण्यापेक्षा गाडी कुणाच्या कामी आलेली बरी, असं नांदेडहून दर रविवारी फोनवर मीच सांगत होते. किनवटकडच्या एका वसतिगृहाशी बोलूनही ठेवलं होतं. तिथल्या पोरांचं धान्य, भाजीपाला आणायला त्यांना गाडी हवीच होती. आणि अप्पा म्हणाले, किनवटला नाही, लातुरातल्याच एका मंडळाला द्यायची. ते लोक तिचा स्वर्गरथ करणार होते. दवाखान्यात दगावलेलं माणूस त्याच्या गावी पोचवायला.

शाळेत रजा टाकली आणि एसटीनं तडक लातूर गाठलं.

त्याच टेम्पोनं दालमिलची तूरडाळ नांदेड-मुदखेडच्या दुकानांत पोचवून आम्हाला लहानाचं मोठं केलं. दसऱ्याला झेंडूचा पहिला हार त्याला, देवाचा नंबर त्याच्यानंतर. माझं रुखवत त्याच्यातूनच गेलं. आणि आता त्याच्यात मढी वाहायची? मी हाच शब्द वापरला. शाळेत पोरांना नीट बोला म्हणून सांगते, घरी आले की माझी जीभ अशी सुटते. अप्पा तंबाखू मळत ऐकत राहिले.

खरं तर मला आईची काळजी होती. ती अमावास्येला टेम्पो दाराबाहेर काढू द्यायची नाही. मांजर आडवं गेलं तर अप्पांना पाच मिनिटं थांबवायची. उद्या हीच गाडी तिला चौकात तसलं ओझं घेऊन जाताना दिसली, तर तिच्या जिवाला काय वाटेल? मी अप्पांना विचारलं, आईला सांगितलंय का. नव्हतं सांगितलं. म्हणाले, ती नको म्हणाली तर विषय संपला, कुणालाच नाही देणार.

मग त्यांनी मला टेम्पोत शेजारी बसवलं. उभ्या गाडीतही त्यांना स्टिअरिंग धरल्याशिवाय बोलता येत नाही. फार वर्षांपूर्वी डाळ उतरवून ते रिकामे परत येत होते. एका दवाखान्याच्या फाटकाशी एक म्हातारा बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ती गेलेली होती. एकही गाडीवाला न्यायला तयार नव्हता, अशुभ म्हणून. अप्पा तिला तिच्या गावी सोडून आले. त्यानंतर फाटकापाशी कुणाकुणाला ते माहीत झाले आणि कुणी हाक मारली की त्यांना नाही म्हणवेना. येताना कुणाच्या तरी मळ्यात मोटार चालू असली की गाडी धुवायची, डोक्यावरून अंघोळ करायची आणि मग घरी. मिलवाल्या शेठला कळलं असतं तर डाळीचं काम गेलं असतं. आणि आईला कळलं असतं तर, अप्पा म्हणाले, तिनं धास्तीच घेतली असती.

"नुस्त्या पत्र्यावर कसं ठिवायचं माय माणसाला?" ते म्हणाले. "तुझ्या आईची वाकळ असायची गाडीत. तीच खाली टाकायचो. मग ती तिथंच सोडून यायचो."

अगं बाई! आमच्या घरात वाकळीवरून कायम थट्टा चालायची. अप्पांना मुक्कामी अंगाखाली घ्यायला आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून द्यायची आणि अप्पा ती कुठंतरी विसरून यायचे. एक झाली, दुसरी झाली, मोजदाद नाही. आई त्यांना वेंधळे म्हणायची आणि पुन्हा सुईदोरा घेऊन बसायची. आम्ही भावंडं म्हणायचो, अप्पा मुदखेडात वाकळींचं दुकान टाकणार बहुतेक. मला रडू आलं. शेजारी अप्पाही डोळे पुसत होते.

आईला विचारायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. ती ज्वारी निवडत होती. स्वर्गरथाचं सांगितलं. मग, अप्पांनी नको म्हटलं होतं तरी, फाटकाचंही सांगून टाकलं. तिचा हात काही थांबला नाही. खडे बाजूला काढत ती म्हणाली,

"थंडीवाऱ्याचं वल्ल्या केसानं घरी येणारं माणूस कुठून येतंय, ते बायकोला कळत न्हाई व्हय? अन् इसरभोळ्या माणसाला कुणी दरसाल नवी वाकळ शिवून देतं का गं?"

अप्पा दाराशी उभे होते. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून ठेवली होती. आई उठली, चहा टाकला आणि अप्पांना म्हणाली, देऊन टाका.

मंडळाचे लोक गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी हार आणला होता, अप्पांचा फोटो काढायचा होता. अप्पा फोटोला नाही म्हणाले. आईनं नेहमीसारखा नारळ फोडला, चाकाला हळदकुंकू लावलं. मग ट्रंकेतल्या वाकळी आणून मागच्या पत्र्यावर एकीवर एक अंथरल्या आणि कोपरे हातानं नीट केले. सगळ्यात वरच्या वाकळीत माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा होता.

मंडळाचा नवा ड्रायव्हर गाडीत बसत होता. आई त्याच्या खिडकीशी गेली.

"बाबा, खड्ड्यातून दमानं घे, पत्र्याला डोकं लागतं माणसाचं. अन् वाकळ माघारी आणू नको, त्याच्यासंगंच जाऊ दे. सरल्या की सांग. मी शिवून ठिवते."