येवल्याचं मशीन आणि बदामाची अठ्ठी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. फजिती माझी एकट्याची नव्हती असं मला अजूनही वाटतं. पण आमच्या ऑफिसात विचारलंत तर सगळी बोटं माझ्याकडेच वळतील.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशकात कॉलेज रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली आणि चार माणसं. देशमुख सर मालक. वैशाली मॅडम प्रोग्रॅम लिहायच्या. फिरोज मशीनं जोडायचा. आणि मी दिगंबर, नववीतून शाळा सोडलेला, फ्लॉप्या वाहायचो.

ते काही साधं काम नव्हतं बरं का. आम्ही दुकानदारांसाठी बिलांचं आणि मालाचं सॉफ्टवेअर करायचो. त्यात बदल झाला की नवं व्हर्जन फ्लॉप्यांवर भरायचं, पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीत बसायचं आणि मालेगाव, निफाड, येवला असं फिरत प्रत्येकाच्या मशीनवर ते चढवायचं. येवल्याला पोचेपर्यंत एखादी फ्लॉपी उन्हाने रुसलेलीच असायची. मग पुन्हा नाशिक, पुन्हा येवला.

या फेऱ्या चुकवायच्या म्हणून मी एक नवी पद्धत बसवली. फिरोजकडे एक सॉफ्टवेअर होतं. त्यातून फोनच्या तारेवरून लांबच्या मशीनचा पडदा आपल्याला इथे दिसायचा, आणि इथे माऊस हलवला की तिथला बाण हलायचा. मी ठरवलं, नवं व्हर्जन फोनवरूनच पाठवायचं. पण आधी जुन्याची एक नक्कल बाजूला ठेवायची. काही बिघडलंच, तर जुनं परत जागेवर.

सरांना कल्पना आवडली. शुक्रवारी सगळ्यांसमोर करून दाखव म्हणाले. जमलं तर एसटी बंद, मॅडमच्या शेजारी खुर्ची, आणि त्या तुला प्रोग्रॅम लिहायला शिकवतील.

ती खुर्ची माझ्यासाठी काय होती, ते कसं सांगू? शाळेचा बाक सुटल्यापासून "बस, शिकवते" असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

मी येवल्याचं मशीन निवडलं. आबाशेठचं पैठण्यांचं दुकान. तिथे मोडेम मीच बसवलं होतं आणि दुपारच्या वेळी फोन वाजला की तेच उचलायचं. फक्त एक गोष्ट राहिली होती, शेठना आधी फोन करून सांगायची. पण मला फोनवर बोलायची भारी लाज. रिसीव्हर दोनदा उचलला, दोनदा ठेवला. मनाशी म्हटलं, दुपारी तीनला शेठ जेवून गादीवर लवंडलेले असतात, हे आपण कितीदा पाहिलंय. मशीन मोकळंच असणार. कशाला उगाच त्यांची झोपमोड?

झालं. शुक्रवारी तीन वाजता तिघं माझ्यामागे उभे. घसा खाकरून मी पाठ केलेलं बोललो आणि फोन जोडला. येवल्याचा पडदा वरून खाली, पट्टीपट्टीने उमटू लागला. आधी नुसतं हिरवं. मग हिरव्यावर पत्ते.

कॉम्प्युटरवर एकट्याने खेळायचा तो पत्त्यांचा डाव असतो ना, तो. सरांनी विचारलं, हे काय? आता मला काय माहीत? पण समोर खुर्ची होती.

"मशीन मोकळं असलं की असं चित्र येतं, सर."

तेवढ्यात किलवरची राणी उठली आणि चौकटच्या राजावर जाऊन बसली. माझा हात तर माऊसवरही नव्हता.

"हलतंय," सर म्हणाले.

"हलतं चित्र आहे, सर."

फिरोजला खोकला आला. वैशाली मॅडम मात्र पुढे वाकल्या. "मग तुमचं चित्र चुकतंय, दिगंबर. इस्पिकची सत्ती त्या बदामाच्या अठ्ठीवर जाते की."

म्हणजे कुणीतरी खेळत होतं. कोण? शेठ तर गेल्याच आठवड्यात सरांना ऐकवत होते की दुकानाच्या धबडग्यात मशीनला हात लावायला सवड नाही. सर म्हणाले, फोन करून विचार. फोन कुठून करणार? त्यांची एकुलती लाईन आणि आमची एकुलती लाईन एकमेकींना जोडलेली. तोडली की माझं सादरीकरण संपलं.

मॅडम म्हणाल्या, डाव संपला की उठेल जो कोण आहे तो. पण तो अडला होता. बाण इकडून तिकडे नुसता फिरत होता. सत्ती समोर, अठ्ठी समोर, आणि त्याला दिसेना. किती बघायचं माणसाने? माझ्या हाताने मला न विचारताच ती सत्ती उचलली आणि अठ्ठीवर ठेवली.

येवल्याचा बाण थबकला. मग तो हळूच पुढे आला, त्याने एक पान उलटलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"वाट बघतोय आपली," फिरोज कुजबुजला.

मग काय विचारता. एक पान त्यांचं, एक आमचं. मॅडम सांगायच्या, मी सरकवायचो. सर स्वतःची खुर्ची ओढून बसले आणि आधी राजाला जागा करा म्हणून मागे लागले. डाव सुटला. जिंकल्यावर पत्ते उड्या मारत खाली पडतात ना, ते फोनच्या तारेतून अडखळत अडखळत येत होते, तरी फिरोजने टाळ्या वाजवल्या. पलीकडचा बाण स्तब्ध झाला. बहुतेक चहा आला असावा. तेवढ्यात मी नक्कल बाजूला ठेवून नवं व्हर्जन चढवलं. पहिल्या झटक्यात चढलं आणि मला खुर्ची मिळाली.

किस्सा इथे संपला असता तर मी कशाला सांगितला असता?

दुसऱ्या दिवशी आबाशेठचा फोन. सरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. शेठचा आवाज एकदम खाली.

"सर, दुकानात बोलू नका कुठं, पण तुमचं मशीन लय हुशार झालंय. मी अडलो की पुढचं पान तेच टाकतं. नव्या व्हर्जनात घातलंय का हे?"

आता, न विचारता तुमच्या मशीनमध्ये डोकावलो, हे सरांनी कोणत्या तोंडाने सांगावं? ते माझ्याकडे बघत म्हणाले, चाचणी चालू आहे शेठ, फक्त शुक्रवारी तीन वाजता चालतं.

झालं, मी दर शुक्रवारी येवल्याशी पत्ते खेळू लागलो. म्हणजे खेळायच्या मॅडम, माऊस माझ्या हातात. इतर दिवशी त्या मला खरंच शिकवत होत्या. मी खूश होतो.

मग एका शुक्रवारी मॅडम बहिणीच्या लग्नाला निफाडला गेल्या. सर मालेगावला. मी म्हटलं, इतके दिवस बघतोय, त्यात काय अवघड आहे?

सोमवारी सकाळी फोन. या वेळी आवाज खाली नव्हता. मशीन पार बिघडलंय, शेठ सांगत होते. जाणारं पान सोडून देतं, न जाणारं ओढत बसतं, एक्का तर दाबूनच ठेवला. माणूस पाठवा.

सरांनी फोन ठेवला आणि शांतपणे विचारलं, "दिगंबर, बिघाड नक्की कुठे आहे?"

मी बोट स्वतःकडे वळवलं.

"मग जाऊन दुरुस्त करून ये."

पुन्हा एसटी, पुन्हा मांडीवर फ्लॉप्यांची पिशवी. कशाला घेतली होती देव जाणे. येवल्याला शेठने चहा सांगितला आणि माझ्याकडे टक लावून बसले. मी स्क्रू काढले, धूळ फुंकली, तेच स्क्रू पुन्हा लावले.

"जमेल आता त्याला?" शेठने विचारलं.

"शिकतंय अजून, शेठ. जरा वेळ द्या."

"देऊ की." त्यांनी मशीनच्या डोक्यावर मायेने थोपटलं. "गरीब हाय बिचारं. पण मला वाटतं, शाळा मधेच सोडलेली दिसती यानं."

मी पिशवी उचलली.

"हो शेठ," म्हटलं. "नववीतून."