नव्या शाळेत नेलेली सुरमई

आमच्या वाडीत रापण ओढली, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ते मोठं जाळं ओढलं, की ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा. मालक असो की विधवा बाई. मराठी शाळेच्या गुरुजींनी कधी दोर धरला नाही, तरी त्यांचा वाटा आधी बाजूला पडायचा. मी त्या शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पुढे होडी.

मग तालुक्याला खाजगी इंग्रजी शाळा निघाली आणि वाडीत तिची पिवळी गाडी येऊ लागली. पोरं कमी झाली, तसे दोन गुरुजींचे एक झाले. ते एकटे चार वर्ग सांभाळणार, की मतदारयाद्या करणार? मागे उरली ती गाडी न परवडणाऱ्यांची पोरं. मराठी शाळेच्या समितीच्या अध्यक्षाला मी रस्त्यात गाठलं.

"तुझी पोरां खंय जातत रे?"

"बायकोन गाडीच्या शाळेत घातल्यान, काका. माझ्या घरात माझां कोण ऐकता?"

त्याला मी चांगलं सुनावलं. पण माझीच नात पहिलीला लागायची होती आणि सून म्हणाली, तिला गाडीच्या शाळेत घालूया, मी आणखी एक पाटी मासे विकेन.

मुलगा बोटीवर, म्हणून मुलाखतीला सून आणि नातीबरोबर मी गेलो. शाळेत रिकाम्या हाताने कसं जायचं? पहाटेची सुरमई वायरच्या पिशवीत घेतली.

"काका, ह्यां भायर ठेवा," शिपाई म्हणाला. "वास इलो तर मॅडम माका बोलतली."

मी ठेवली नाही. पायाशी घेऊन बसलो. लादीवर पाणी गळत राहिलं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नातीला रंग विचारले, तिने सगळे सांगितले. मग विचारलं, "घरी हिचा अभ्यास कोण घेणार? तुमच्यात शिकलेलं कोण आहे?"

माझं डोकं फिरलं. "शिकवायचं काम तुमचं, आमच्या घराची चौकशी कशाला?" म्हणालो, नातीचा हात धरला आणि बाहेर पडलो.

एसटीत सून खिडकीबाहेर बघत होती. आमचा थांबा जवळ आल्यावर म्हणाली, "बाबानू, मॅडमान माका इचारल्यान, तुमका नाय. मी सातवी पास आसंय. सांगूक खंय दिलात?"

नात जूनमध्ये मराठी शाळेत बसली. मी रोज कुंपणाशी जाऊन बघायचो, गुरुजी आले का. नसले की आत जाऊन पाढे म्हणून घ्यायचो. मला बारापर्यंत येतात. पोरं तेराचा विचारायची, मग मी त्यांना अंगणात सोडायचो. वाडीत सांगत फिरायचो, बघा, माझी नात मराठी शाळेत जाते. घरी आलो की मात्र एका जागी बसवत नसे. सून ताट वाढायची आणि आत जायची.

पुढल्या वर्षी एका सकाळी ती नातीची वेणी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज त्या गाडीच्या शाळेत परत जातंय. तुमी येव नको."

मी म्हटलं, "नवाची एसटी लवकर येता. वायच आधी निघा."