प्रेमदास थूलांचे कान

पुलगावात कोणाला टीव्ही घ्यायचा असो, स्पीकर घ्यायचा असो की कानात खुपसायच्या त्या शेंगदाण्याएवढ्या बोंड्या, आधी प्रेमदास थूलांना विचारायचं असा रिवाजच पडून गेला होता. दुकानदाराचं काय, तो विकायलाच बसलेला, बाभळीलाही चंदन म्हणेल. प्रेमदासभाऊ मात्र वस्तू हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सारायचे, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचे आणि निकाल द्यायचे. 'ठेव' नाहीतर 'परत कर'. वर अपील नाही.

स्टेशनकडून गिरणीकडे जाताना त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. रेडिओ गेले, टेप गेले, पाटी तशीच राहिली. आता तिथे चार्जर, मिक्सर आणि लग्नातले जळके ॲम्प्लिफायर येतात. वय एकसष्ट, हात अजून स्थिर, आणि मतं अशी पक्की की विचारू नका. नव्या स्पीकरांवर त्यांचा भारी राग. नुसता धडधडाट, शब्द कुठं गेला तो शोधत बसा, असं ते म्हणायचे. फोनमधल्या ब्राउझरवरही त्यांचं मत होतं. आता ब्राउझरवर कोणी मत ठेवतं का? पण यांच्या फोनात चार होते. रंगीत गोळेवाला, कोल्हेवाला, लाल सिंहवाला आणि एक निळा, जो कसा आला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेच गाणं कोल्हेवाल्यात जास्त साफ वाजतं, हे ते छातीठोकपणे सांगत. मुलगा अश्वजित दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला. त्याने शंभरदा समजावलं की बाबा, ब्राउझर म्हणजे नुसतं दार, गाणं तिकडून येतं तेच येतं. त्यावर यांचं उत्तर तयार: दारातून येताना माणूस वाकतो, तर आवाज वाकणार नाही कशावरून? अश्वजितने हात टेकले.

पण या माणसाची खरी शान दुकानात नव्हती, विहारात होती. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. कोणीतरी एक जण वाचतं, बाकी सगळे ऐकतात. त्या वाचनाचं मशीन, म्हणजे माइक-ॲम्प्लिफायर, एकतीस वर्षं प्रेमदासांनी सांभाळलं. पैसा घेतला नाही, खाडा केला नाही. पांढरा सदरा घालून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचं आणि आवाज लावायचा. लावायची रीत त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेली. त्रिसरण सुरू झालं की 'सरणं'मधला स ऐकायचा. स सुरीसारखा साफ आला पाहिजे. मळका वाटला की ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांचं, बटण थोडं वर. स साफ तर सगळे शब्द साफ, मागच्या भिंतीला टेकलेल्या म्हातारीलाही अर्थ कळतो. या एका रीतीवर त्यांनी आयुष्य काढलं, आणि रीत खोटी नव्हती.

यंदा वाचायला त्यांची सून दीपमाला बसली. पोरगी झेडपीच्या शाळेत शिकवते, आवाज मोकळा, उच्चार स्वच्छ. सासऱ्याला कोण अभिमान. पहिल्याच संध्याकाळी त्यांना तिचा स मळका वाटला. त्यांनी बटण वर केलं. तरी मळका. आणखी वर. विहारात आलेल्या नव्या मशीनला शिव्या घातल्या, जुनं मशीन काय होतं म्हणाले, आणि बटण जवळजवळ शेवटाला नेऊन ठेवलं.

आता ऐका तिकडची गंमत. गंमत कसली, कर्मकथाच. समोरच्या रांगेतल्या बायांच्या कानात शिट्ट्या वाजत होत्या. दीपमालाचा स्वतःचाच आवाज बॉक्समधून तिच्याकडे असा चिरकत यायचा की तिचे दात शिवशिवायचे. तान्ही लेकरं रडायची, त्यांना घेऊन आया बाहेर जायच्या. पण प्रेमदासभाऊंना कोण सांगणार? ज्या माणसाच्या कानावर अख्खं गाव विसंबलं, त्याला म्हणायचं की भाऊ, तुमचा आवाज टोचतो? बायांनी त्यावर वैदर्भी तोडगा काढला. घरोघरी कापसाला काय तोटा! उशा भरायला ठेवलेल्यातला थोडा थोडा घेऊन दोन्ही कानांत घालून त्या बसू लागल्या. प्रेमदासांनी एकदा विचारलंसुद्धा, कान दुखतात का म्हणून. वारा लागते भाऊ, म्हणाल्या. श्रावणात दमट उकाड्याने जीव नको झालेला, पंखे बंद पडलेले, आणि यांना वारा लागतो! त्यांनी ते खरं मानलं. हे काही यंदाचंच नव्हतं, वाचणारं दुसरं असताना दोन वर्षांपूर्वीही असंच होत होतं, मागच्या वर्षीही. अदबीपायी माणसं कशाला काय म्हणतील नेम नाही.

शेवटाला आठ दिवस राहिले तेव्हा विहार समितीचे ताराचंदजी शाळेच्या फाटकाशी दीपमालाला भेटले. माणूस सज्जन, पण त्या दिवशी जमिनीकडे बघत बोलत होता. आश्विन पौर्णिमेला नागपूरहून भन्ते येणार, आजूबाजूच्या गावांतून हजारभर माणसं येणार. आवाज असाच राहिला तर लोक उठून जातील. समितीने आर्वीचा साउंडवाला सांगायचं ठरवलं होतं. बाबांना तूच समजावून सांग, म्हणाले, आम्हाला ते जमायचं नाही. नाही सांगितलं तर त्या दिवशी दुसरा माणूस टेबलाशी बसलेला त्यांना दिसेलच, आणि चारचौघांत दिसेल.

दीपमालाला दोन दिवस घास गोड लागला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती नेमकी सुनेने. शेवटी तिने मास्तरणीची युक्ती केली. उत्तर सांगायचं नाही, गणित घालायचं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती फोन घेऊन सासऱ्यांसमोर बसली आणि म्हणाली की माझ्या फोनचा स्पीकर बरोबर वाजतो का, जरा पाहून द्या. फोनच्या ब्राउझरमध्ये तिने एक पान उघडलं होतं. त्यात एक लांब सूर लागायचा आणि हळूहळू बारीक होत वर वर चढायचा, बाजूला सुराच्या उंचीचे, हर्ट्झचे, आकडे पळायचे. ऐकू यायचं थांबलं की बोट दाबायचं, एवढाच खेळ.

प्रेमदासांनी चष्मा कपाळावर सारला, डोळे मिटले. तीन हजारावर थोडं गेलं आणि त्यांनी बोट दाबलं. "संपला," म्हणाले. "स्पीकर मेला तुह्या फोनचा. परत कर."

दीपमालाने सूर तसाच पुढे चालू दिला. आकडे चढत होते, प्रेमदास शांत बसले होते, आणि स्वयंपाकघरातून त्यांची बायको जिजाबाई हात पुसत बाहेर आल्या नि म्हणाल्या, "बंद कर वो माय ते, कान किटून राह्यले."

प्रेमदासांनी डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग फोनकडे.

पण हार मानतील ते थूल कसले! ब्राउझरनेच वरचा आवाज कापला असेल, म्हणाले. कोल्हेवाल्यात लावायला सांगितलं. तीन हजारावर थोडं, संपला. सिंहवाल्यात लावा. तिथेच संपला. निळ्यात. तिथेच. त्यांनी स्वतःचा फोन आणला, मग अश्वजितचा लॅपटॉप मागवला, मग दुकानातून आपले जुने, जिवापाड जपलेले मोठे हेडफोन आणून लॅपटॉपला जोडले. या हेडफोनांना ते बोट लावू देत नसत कोणाला. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात, इथे त्यांनी घरातली सगळी अंगणं तपासली. अश्वजित दारात उभा राहून बघत होता. बापाला एकदाही अडवावं असं त्याला वाटलं नाही, कारण दर खेपेला बापाचा चेहरा थोडा उतरत होता.

हेडफोनातही सूर त्याच आकड्यावर विझला. प्रेमदासांनी ते काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ त्यांची वायर सरळ करत बसले. दुरुस्तीवाल्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. एक सेट बंद पडला तर सेट बघायचा. सगळे सेट एकाच जागी बंद पडले तर बिघाड सेटमध्ये नसतो.

"फोन ठेव," ते सुनेला म्हणाले. "फोन चांगला हाये."

मग दीपमालाला रडू आलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. कानातला कापूस, बाहेर जाणाऱ्या आया, आर्वीचा साउंडवाला, सगळं. प्रेमदासांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांना लाज वाटली. एकतीस वर्षं मागच्या भिंतीच्या म्हातारीची काळजी केली आणि पुढच्या रांगेतल्या बायांचे कान आपण सोलून काढले, हे त्यांना सहन होईना. त्या संध्याकाळी ते मशीनशी बसले, बटण पार मध्यावर आणलं आणि मान खाली घालून बसून राहिले. त्यांना दीपमालाचं वाचन घोंगडीखालून यावं तसं येत होतं. विहारात मात्र त्या दिवशी एकही लेकरू रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अश्वजितने त्यांना सेवाग्रामला नेलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं, वयाने आणि भोंग्यांशेजारी काढलेल्या वर्षांनी वरचे सूर गेले, ते परत यायचे नाहीत, कानाला यंत्र लावलं तर बोलणं कळेल. यंत्र यायला पंधरा दिवस लागणार होते. परतीच्या एसटीत देवळी मागे पडल्यावर प्रेमदास म्हणाले की ताराचंदला फोन लाव. फोनवर ते स्वतः बोलले. आर्वीवाल्याला बोलावू नको, म्हणाले. मशीन मीच लावीन, पण ट्रेबलच्या बटणाला माझा हात लागणार नाही. तिथे जिजाबाई बसेल.

जिजाबाईंना हे कळलं तेव्हा त्या खो खो हसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात यांनी बायकोला कधी मशीनजवळ येऊ दिलं नव्हतं. तुला त्यातलं काय समजते, हे ठरलेलं वाक्य. आणि आता बटणच हातात! पण बसल्या. पौर्णिमेच्या दिवशी विहाराच्या पटांगणात पांढरं लुगडं नेसून नवऱ्याच्या शेजारी खुर्चीवर, बोटं बटणावर, नजर पुढच्या रांगेवर. वायरी, माइक, बॉक्सची तोंडं सगळं प्रेमदासांचं. टोचायला लागलं की जिजाबाई बटण इतकंसं खाली करत, पुटपुटल्यासारखं वाटलं की इतकंसं वर. हजार माणसं होती, एक उठलं नाही. भन्ते बोलायला लागले तेव्हा ताराचंदजी लांबूनच प्रेमदासांना हात जोडून गेले.

भन्त्यांनी त्या दिवशी पवारणा समजावून सांगितली. तीन महिने एकत्र राहिल्यावर वर्षावासाच्या शेवटी भिक्खू एकमेकांसमोर बसतात आणि म्हणतात, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर दया करून मला सांगा. मी सुधारीन. गृहस्थांनीही वर्षातून एकदा घरात हे करून पाहावं, असं म्हणून ते थांबले.

प्रेमदासांना यातलं निम्मंच कळलं, पण तेवढं पुरलं. कार्यक्रम संपताना ते उठले आणि माइकसमोर उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. एवढंच म्हणाले की तीन वर्षं माझ्यामुळे तुमच्या कानांना त्रास झाला, माझे कान गेले आणि मी मशीनला शिव्या दिल्या, माफी द्या. पुढे कोणाला काही दिसलं तर तोंडावर सांगा, लाज धरू नका. मग पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली की भाऊ, आम्हीच सांगायला पाहिजे होतं, आम्हीही चुकलो. आणि लोक खीर घ्यायला उठले.

ऊन कलल्यावर पटांगणात दोघंच उरले. प्रेमदास कोपराभोवती वायर गुंडाळत होते, जिजाबाई दुसरं टोक सोडवून देत होत्या. वायर संपली तरी त्या टोक हातात धरूनच उभ्या राहिल्या. मग फिरून त्यांच्या अगदी समोर आल्या.

"मलेही एक सांगाचं हाये," त्या म्हणाल्या. "पाह्यलं नाई, ऐकलं नाई. शंका होती."

प्रेमदास थांबले.

"दोन-तीन वर्सं झाले, मी मांगून हाक मारली का तुम्ही वळूनच पाहत नव्हते. मले वाटलं, तुमचं मन उठलं माह्यावरून. मंग मी हाक माराचीच सोडली."

प्रेमदासांनी प्रत्येक शब्द ऐकला. तोंड समोर होतं, ओठ दिसत होते. दोन-तीन वर्षं घर फार शांत झालं होतं हे त्यांना जाणवलं होतं. वय झालं की बायका कमी बोलतात, असं एक मत त्यांनी तेव्हाच करून टाकलं होतं.

"काऊन हाक मारत होती?" त्यांनी विचारलं.

"काई नाई. च्या झाला म्हनून."

त्यांच्या हातातलं वायरचं वेटोळं सुटून खाली पडलं. ते उचलायला वाकले नाहीत. पटांगणात उभ्या उभ्या, भरल्या डोळ्यांनी, कोणी येऊन बघेल याचा विचार न करता त्यांनी बायकोचा हात धरला आणि म्हणाले, "आता पुन्हा हाक मार. मी वळून पाह्यतो."