बिनकूलरचं दालन

"हात मागं घे वं पोरी."

दालनाच्या दारात काका मला पहिल्या दिवशी हे म्हणाले, आणि मग रोजच म्हणत राहिले. त्यांचे स्वतःचे हात पाठीमागे इतके घट्ट धरलेले असत, की या माणसाला कुणीतरी बांधून आणलंय असं वाटावं.

आमच्या कॉलेजात एक लहानसं चित्रदालन आहे. तिथे आमच्याच एका जुन्या सरांनी काढलेलं, भिंतभर तैलचित्र आहे. वर जाड पांढरा रंग, खाली विटकरी, मधून एक काळी रेघ. ते सांभाळणं हे काकांचं काम. मी पारशिवनीजवळच्या गावची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. 'कमवा आणि शिका'मधून मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. कॅलेंडरपलीकडे चित्र मी पाहिलेलं नव्हतं. भीतभीत विचारलं, "काका, यात काय काढलंय?"

"मले काय मालूम? मले कापड समजते."

काका उमरेडच्या विणकर घरातले. माग बंद पडला आणि ते इथे शिपाई झाले. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी त्यांना चित्र जपायच्या चार गोष्टी शिकवल्या होत्या. बाकीच्या ते घरूनच घेऊन आले होते. सुताला खळ देतात, तशी चित्राच्या कापडालाही सरसाची खळ असते, हे मला त्यांच्याकडून कळलं. "ओल लागली का खळ ढिली, वाळली का कडक. कापड हलत राहते. वरचा रंग बिचारा कुठं जाईन? तो तडकते."

म्हणून दालनात कूलर नव्हता. नागपूरच्या मे महिन्यात याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. काका डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बाहेर जिन्याच्या पायरीवर बसत आणि आत जाताना तो दाराबाहेरच खिळ्याला टांगून जात. चित्राला ओलं फडकं कधी लागलं नाही. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं, तीही क्वचित. ओलावा मोजायच्या यंत्राचा आकडा मात्र दिवसातून दोनदा वहीत लिहायचाच.

एका समारंभासाठी कॉलेजातले एक सर कूलर आत ठेवायला निघाले, तर काका दारात आडवे.

"अहो काका, पाहुण्यांना उकडेल!"

"पाहुण्याले उकडलं तर पाहुणा घरी जाईन, सर. हे कुठं जाईन?"

समारंभ व्हरांड्यात झाला. सर जाता जाता म्हणाले, "चित्राला थोडा मठ्ठाही पाजा आता." काका गंभीरपणे म्हणाले, "त्याले चालत नाही."

आता मी काय केलं ते लिहिते. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. चार दिवस किल्ली माझ्याकडे. परीक्षा तोंडावर, आणि वसतिगृहाच्या खोलीवर टिनाचं छप्पर. मी शेजारच्या वर्गातला कूलर दालनात ओढून आणला आणि खिडक्या लावून अभ्यास केला. तिसऱ्या दिवशी मान वर केली, तर चित्राचा खालचा भाग पोटासारखा सुटलेला. मी घाबरले. कूलर बंद केला आणि ओल लवकर जावी म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. दुपारभर गरम वारा आत आला. संध्याकाळी कापड ताठ झालं होतं, पण पांढऱ्या रंगात बोटाच्या पेराएवढी भेग होती. वहीत मी चारही दिवस नेहमीचेच आकडे लिहिले.

काका काळा चष्मा लावून आले. आधी चित्र पाहिलं, मग वही.

"हे आकडे कोणाचे?"

"माझे."

"म्हंजे चित्राचे नाहीत."

मी रडायला लागले. काम गेलं तर कॉलेज सुटणार, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

"भेग पडली ते पडली. हे खोटं काहून लिहिलं? उद्या कोणी याच्यावर भरवसा ठेवीन ना वं."

त्यांनी मला ते आकडे खोडून खरं काय घडलं ते लिहायला लावलं, खाली माझं नाव घालून. मग वही घेऊन स्वतः प्राचार्यांकडे गेले. मी दाराबाहेर ऐकत होते. "पोरगी राहू द्या, साहेब. कूलर काय करते ते तिले आता समजलं. दुसरी आणली तर तिले मले पुन्हा शिकवा लागीन."

मी राहिले.

पुढे काका निवृत्त झाले. मी आता एम.ए. करते आणि दालनही पाहते. दर महिन्याला भेगेपासून थोडी दूर मोजपट्टी धरून फोटो काढते. गेल्या दिवाळीत काका आले. ऑपरेशन केलेला डोळा सुधारला नव्हता, आता दुसराही अधू झाला होता. ते चित्रासमोर उभे राहिले, पण बरेच डावीकडे तोंड करून.

"वाढली का वं?"

नाही म्हटलं असतं तरी त्यांना दिसणार नव्हतं. आणि मला ते म्हणावंसं फार वाटलं.

"वाढली, काका. केसभर. पावसाळ्यात."

"वहीत हाय?"

"हाय."

ते म्हणाले, "मंग मी नाही आलो तरी चालते."

त्यांना खालपर्यंत सोडायला मी निघाले, तर त्यांनी अडवलं. "दालन उघडं टाकून कुठं चालली?" मी दारातच थांबले. कठडा धरून, पायानं एकेक पायरी चाचपत ते उतरले.

संक्रांतीनंतर एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. काका गेले होते. आकडा घ्यायची वेळ झाली होती. मी तो घेतला, डोळे पुसून पुन्हा एकदा नीट पाहिला, आणि लिहिला.